मऊ पिसाची माशी आणि निष्कपट सेवक

शास्त्रपाठ : लूक ५:१-११; १ थेस्सलनीकाकरांस २:१-१२



भिलाईत ट्राउट मासा मिळत नाही. तो थंड, निर्मळ आणि वाहत्या पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की त्याचा जीव कासावीस होतो. आणि आमच्याकडे तर वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना जाऊन भिडतो. शिवनाथ नदीत आणि आसपासच्या तलावांत रोहू, कटला, मृगळ सापडतात आणि केवट बांधव ते जाळ्याने धरतात. ट्राउट हा मुळी भारताचाच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इंग्रजांनी तो काश्मीर, कुलू आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडला.

असे असूनही आमच्या मंडळीतील एक वडीलधारे बंधू भिलाईतील आपल्या घरी बसून ट्राउटसाठी माश्या बांधीत असतात. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये त्यांनी उमेदीची सारी वर्षे घालविली. त्यांची कन्या कुलूकडे दिली आहे. दर उन्हाळ्यात ते तिकडे जातात, मत्स्यखात्याचा परवाना काढतात आणि ओढ्याकाठी उभे राहतात. उरलेले दहा महिने त्यांची तयारी चालते.

एका सायंकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते याच कामात होते. मेजाच्या कडेला लहानसा व्हाइस बसविलेला. त्याच्या जबड्यात नखाएवढा गळ. नारिंगी रेशमी दोऱ्याचे वेढे त्यांनी गळाच्या दांडीवर एकाशेजारी एक असे बसविले. मग कोंबडीच्या पाठीवरचे एक करडे, ठिपकेदार, मऊ पीस घेतले. विलायतेत यासाठी तित्तिराचे पीस वापरतात. परंतु आपल्याकडे रानपाखरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून यांचे काम घरच्या कोंबडीवर भागते. पिसाचे टोक दोऱ्याखाली दाबून त्यांनी ते गळाच्या डोळ्याजवळ जेमतेम दीड वेढा फिरविले, आणि दोरा असा गाठविला की त्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखाली गडप झाले. पाच मिनिटांचे काम. इतका साधा जिन्नस पाहून मला थोडे नवलच वाटले.

ते म्हणाले, "असा कोरडा पाहू नका, पाळकसाहेब." आणि त्यांनी ती माशी पेल्यातील पाण्यात बुडवून हलविली. निर्जीव पिसाचे तंतू उघडले, मिटले, पुन्हा उघडले. पाण्याच्या तळातून वर येऊ पाहणारा एखादा किडा पाय हलवीत आहे असाच भास झाला.

त्यांच्याशेजारी त्यांचे एक जुने सोबती बसले होते. दोघांनी एकाच खात्यात, एकाच पाळीत तीस वर्षे काम केलेले. हे गृहस्थ आपल्या धर्माचे नाहीत. नागपूरकडचे, देवभक्त, सरळ मनाचे. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "पाळकसाहेब, एक विचारू का? राग नका मानू. तुमच्या येशूने शिष्यांना सांगितले ना, की तुम्ही माणसे धरणारे व्हाल? मग माणसासाठी तुम्ही गळाला काय लावता?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्या सायंकाळी मी काहीतरी उत्तर दिले. पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. आज आपण देवाच्या वचनाच्या प्रकाशात या प्रश्नासमोर उभे राहू या.

आमिष हा शब्द

हा प्रश्न या प्रदेशात नवा नाही. आजचा छत्तीसगड ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. तेथे १९५४ साली भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली गेली आणि १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. बळजबरी, प्रलोभन किंवा कपट यांच्या द्वारे होणाऱ्या धर्मांतरास त्याने मनाई केली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला आणि आपल्या धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा दिला. २००० सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळे राज्य झाले, तेव्हा तोच कायदा या राज्याकडेही आला.

प्रलोभन म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले आमिष. आपण हा शब्द इतक्या वेळा ऐकला आहे, की तो कानी पडताच आपण बचावाला उभे राहतो. रागावून आपण म्हणतो, की आमच्यावर हा खोटा आळ आहे. पुष्कळदा तो खोटा असतोही. परंतु प्रभूचा सेवक आधी आरोप करणाऱ्याकडे बोट दाखवीत नाही. तो प्रथम आपले अंतःकरण तपासतो.

मऊ पिसाच्या त्या माशीकडे पाहताना एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ती पूर्णपणे फसवी आहे. गांडुळाच्या गळावर निदान गांडूळ तरी असते. या माशीत माशाच्या पोटात जाईल असा कणही नाही; आहे तो दोरा, पीस आणि पोलाद. मासे धरण्याच्या खेळात ही फसवणूक कौशल्य ठरते. माणसांच्या बाबतीत तीच गोष्ट पाप आहे. म्हणून त्या गृहस्थांचा प्रश्न आपल्या वर्मी लागला, तर तो लागू द्यावा.

थेस्सलनीकाची वाट

पिसाच्या माशीने मासे धरण्याची कला फार जुनी आहे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या एका ग्रंथात तित्तिराच्या पिसाच्या माशीचे वर्णन आढळते, आणि परंपरेने तो ग्रंथ एका मठाधिकारिणीच्या नावावर सांगितला जातो. पण त्याहीपूर्वी सुमारे तेराशे वर्षे, इ. स. २०० च्या आसपास, एलियन नावाच्या रोमी लेखकाने ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की मासेदोनियात ठिपकेदार कातडीचे मासे असलेली एक नदी आहे. तेथील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवितात आणि सहा फुटी काठीला तेवढीच लांब दोरी बांधून गळ पाण्यात सोडतात. खऱ्या माशीला हात लागला तर तिचे पंख कोमेजतात, म्हणून ही बनावट माशी.

ही नदी कोठे होती? एलियन म्हणतो, बिरुया आणि थेस्सलनीका या दोन नगरांच्या मध्ये.

ही नावे ऐकताच प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. थेस्सलनीकात दंगल उसळली, जमावाने यासोनाच्या घरावर चाल केली, आणि बंधुजनांनी पौल व सीला यांना रातोरात बिरुयास पाठविले. म्हणजे मासे फसविणाऱ्या माशीची सर्वांत जुनी हकीकत ज्या मुलखाची आहे, त्याच मुलखातून सुवार्तेचे दोन सेवक जीव वाचवीत अंधारात चालले होते. पुढे पौलाने त्याच थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिले, आणि दुसऱ्या अध्यायात त्याला नेमक्या याच आरोपाचे उत्तर द्यावे लागले.

त्या काळी गावोगाव हिंडणारे वक्ते आणि तत्त्वज्ञ पुष्कळ होते. गोड बोलावे, शिष्य जमवावेत, पैसा गोळा करावा आणि पुढच्या गावी निघून जावे, असा कित्येकांचा धंदाच होता. पौल रातोरात निघून गेला, तेव्हा हाही त्यांतलाच एक, असे लोक म्हणाले असतील तर नवल नाही. म्हणून पौल तिसऱ्या वचनात निक्षून सांगतो, की आमच्या बोधात भ्रम नव्हता, अशुद्धता नव्हती आणि कपट नव्हते.

कपटासाठी पौलाने येथे जो ग्रीक शब्द योजला आहे, तो "डोलॉस". हाच शब्द होमराच्या प्राचीन काव्यात मासे धरण्याच्या आमिषासाठी आला आहे. गळाला लावलेला घास हा या शब्दाचा एक अतिशय जुना अर्थ. म्हणजे पौलाचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे होईल : थेस्सलनीकाकरांनो, आम्ही तुमच्याकडे आलो, पण आमच्या हातात आमिष नव्हते.

पाचव्या वचनात तो आणखी दोन गोष्टी नाकारतो : खुशामत आणि लोभ झाकणारा पडदा. आमिषाची हीच दोन अंगे नव्हेत काय? बाहेरून दिसते ती खुशामत आणि आत लपलेला असतो तो लोभाचा गळ. नवव्या वचनात तो त्यांना आठवण देतो, की तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कष्ट केले. आमिष लावणारा थोडे देऊन पुष्कळ घेऊ पाहतो. पौलाने आपल्या हातांनी राबून काही न घेता दिले.

मऊ पीस

मग पौलाजवळ होते तरी काय? सातवे आणि आठवे वचन त्याचे उत्तर देते. आम्ही तुमच्यामध्ये सौम्य होतो, तो म्हणतो, जशी आई आपल्या लेकरांना ऊब देते आणि जपते. आणि तुम्हांला केवळ सुवार्ताच नव्हे, तर आमचा जीवही देण्यास आम्ही राजी होतो.

येथे मला त्या मेजावरचे पीस पुन्हा आठवते. दृष्टांताचा एक धागा आपण तोडून टाकला. गळ आणि फसवणूक हे आपले नव्हे. परंतु पिसाचा मऊपणा आपल्याला काही शिकवू शकतो.

आमच्या त्या बंधूंनी मला दोन पिसे हातावर ठेवून दाखविली. एक जून कोंबड्याच्या मानेचे : ताठ, चकचकीत, देखणे. दुसरे कोंबडीच्या पाठीवरचे : मळकट आणि मऊ. ताठ पिसाची माशी पाण्याच्या पृष्ठभागावर उभी तरंगते. सर्वांना ती दिसते, पण तिच्या पिसात हालचाल नसते. मऊ पीस पाण्याखाली जाते. वर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतही नाही; परंतु प्रवाहाचा लहानात लहान स्पर्श होताच ते हलते. प्रवाहाला शरण जाण्यातच त्याचे चैतन्य आहे.

आपली सेवा कोणत्या पिसाची आहे? ताठ पिसाची सेवा पृष्ठभागावर राहते. तिचे फलक मोठे असतात, ध्वनिक्षेपक मोठे असतात, अहवाल तर त्याहून मोठे. मऊ पिसाची सेवा खाली, लोकांच्या दुःखाच्या पाण्यात उतरते. शेजारच्या घरी ताप आला की ती रात्रभर जागते. पवित्र आत्मा जिकडे वळवील तिकडे वळते. पेत्रही आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगतो : आपल्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर देण्यास सिद्ध असा, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्या. हे लिहिणारा पेत्र कोणे एके काळी तरवार उपसणारा, शपथा वाहणारा, ताठ मानेचा कोळी होता. कोंबडा आरवला आणि त्याची मान खाली आली. तेव्हापासून तो मऊ झाला.

त्या बंधूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. नवशिका मनुष्य पिसाचे चार-पाच वेढे देतो. त्याला वाटते, जितके पीस अधिक तितकी माशी चांगली. पण दाट पीस पाण्यात हलत नाही. ते गोळा होऊन पडते. दीड-दोन वेढे पुरेत. उपदेशकांनो, आणि यात मी प्रथम स्वतःला धरतो, आपण शब्दांचे किती वेढे देतो! शोकाकुल घरी जाऊन आपण अर्धा तास बोलतो, जेथे दोन वाक्ये आणि हातात घेतलेला हात पुरला असता.

जाळ्याची पूजा

आता प्रभूच्या आज्ञेकडे वळू. गालील समुद्राच्या काठी पेत्राचे पाचारण झाले, तेथे गळ नव्हता, जाळे होते. शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदाच येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायाच्या शेवटी, आणि तोही मंदिराचा कर भरण्यासाठी. जुन्या करारात मात्र माणसांसाठी गळ येतो तो जुलमाच्या आणि न्यायाच्या प्रसंगी : आमोसाच्या चौथ्या अध्यायात आणि हबक्कूकाच्या पहिल्या अध्यायात. हबक्कूक खास्द्यांचे वर्णन करतो, की ते राष्ट्रांना माशांप्रमाणे गळाने ओढतात, जाळ्यात गोळा करतात, आणि मग आपल्या जाळ्यालाच बली अर्पण करतात, कारण त्याच्यामुळे त्यांना पुष्टान्न मिळते.

बंधुभगिनींनो, जाळ्याची पूजा हे पाप खास्द्यांबरोबर संपले नाही. किती आत्मे मिळाले याची आकडेवारी जेव्हा आत्म्यांहून प्रिय होते, तेव्हा आपण जाळ्यापुढे धूप जाळीत असतो. माणसाचे नाव मागे पडते आणि त्याची संख्या होते. अशा ठिकाणी आमिषाला यायला वेळ लागत नाही.

लूकाच्या पाचव्या अध्यायातील दहाव्या वचनात प्रभूने पेत्राला जो शब्द दिला, त्याचा मूळ ग्रीक अर्थ "जिवंत धरणे" असा आहे. लढाईत शत्रूला ठार न मारता जिवंत धरावे, त्यासाठी तो शब्द वापरीत. मासा जाळ्यात येतो तो मरण्यासाठी. प्रभू म्हणतो, तू माणसांना धरशील ते जगण्यासाठी. ज्या धरण्याने मनुष्य अधिक जिवंत, अधिक मोकळा, अधिक स्वतः होत नाही, ते प्रभूने सांगितलेले धरणे नव्हे.

येथे कोणी विचारील, की मग उपाशी माणसाला अन्न देणे, आजाऱ्याला औषध देणे हेही आमिष म्हणायचे काय? याच भूमीचा इतिहास पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुलींना व विधवांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. १८९९ च्या अखेरीस मेनोनाइट मिशनरी धमतरीस आले, तेव्हा पुन्हा दुष्काळ पडला होता. त्यांचे पहिले काम भुकेल्यांना अन्न आणि अनाथांना आसरा देणे हेच झाले. रस्त्याकडेला मरत पडलेल्या मुलाला उचलून घेणे हे कपट असेल, तर कपटाहून निराळी अशी करुणा जगात उरणार नाही.

तरी भेद आहे, आणि प्रभूने स्वतः तो दाखवून दिला. रानात सैतानाने त्याला धोंड्यांच्या भाकरी करण्यास सांगितले, तेव्हा त्याने नकार दिला. पुढे पाच हजारांना मात्र त्याने भाकरी दिली, कारण त्याला त्यांचा कळवळा आला. दुसऱ्या दिवशी तेच लोक भाकरीसाठी शोधीत आले, तेव्हा त्याने त्यांच्या तोंडावर ते सांगितले. कठीण वचन ऐकविले. आणि योहानाचा सहावा अध्याय नोंदवितो, की त्या दिवसापासून पुष्कळ जण परत फिरले. प्रभूने त्यांना जाऊ दिले. आणखी भाकरी दाखवून त्यांना थांबविले नाही. कसोटी ही आहे : ज्याला आपण भाकर दिली तो उद्या पाठ फिरवून गेला, तर आपल्याला भाकर दिल्याचा पश्चात्ताप होतो काय? होत असेल तर त्या भाकरीत गळ होता. होत नसेल तर ती प्रीती होती.

मौनाचे पाप

त्या सायंकाळी मी यांपैकी थोडेसे बोललो आणि थांबलो. मला वाटले, संभाषण संपले. परंतु ते गृहस्थ आपल्या सोबत्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "यांनी मला आमिष दाखविले नाही, हे मी देवळात उभा राहूनही सांगेन. माझा मुलगा इस्पितळात होता, तेव्हा हे रात्रीची पाळी करून सकाळी त्याच्या उशाशी येऊन बसत. मोबदला कधी मागितला नाही. पण तीस वर्षांत आपल्या प्रभूविषयीही मला कधी एक शब्द सांगितला नाही. मला कधीकधी वाटते, आमिष नको म्हणून हे गप्प राहिले, की मी ऐकण्याच्या योग्यतेचा नाही म्हणून?"

आमच्या बंधूंच्या हातातले पीस खाली पडले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण तो आरोप माझ्यावरही होता.

प्रियजनहो, येथे आपल्या शास्त्रपाठाचे दुसरे वचन आपल्याला धरते. पौल फिलिप्पैत फटके खाऊन, अपमान सोसून थेस्सलनीकात आला होता. तरी मोठ्या विरोधातही देवाची सुवार्ता सांगण्याचे धैर्य आम्हांला देवाने दिले, असे तो म्हणतो. त्याच अध्यायात सौम्यता आहे आणि त्याच अध्यायात धैर्य आहे. आपण मात्र या दोहोंची ताटातूट केली. कोणी धैर्य घेतले आणि सौम्यता टाकली. त्यांच्या शब्दांनी शेजारी दुखावले. कोणी सौम्यता घेतली आणि धैर्य टाकले. त्यांचे शेजारी उपाशी राहिले. आमिषाच्या आरोपाला भिऊन आपण इतके मुके झालो, की ज्याच्याबरोबर तीस वर्षे एका डब्यातून जेवलो, त्यालाही आपल्या जीवनाचे रहस्य सांगितले नाही. हे सौजन्य नव्हे. याला मी पापच म्हणेन.

आपल्या मराठी भाषेत "गळ घालणे" याचे दोन अर्थ आहेत. कोळी पाण्यात गळ घालतो आणि स्वतःला लपवितो. आई मुलाला गळ घालते, मित्र मित्राला गळ घालतो, तेव्हा काही लपविलेले नसते. उलट गळ घालणारा स्वतःच उघडा पडतो, कारण समोरचा नाही म्हणू शकतो. पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, की देव जणू आमच्या तोंडून तुम्हांला विनवीत आहे. सर्वसमर्थ देव माणसाची विनवणी करतो, आणि नाकारले जाण्याचा धोका पत्करतो! पहिल्या अर्थाचा गळ आपण टाकून देऊ या. दुसऱ्या अर्थाने गळ घालण्याची आज्ञा आपल्याला आहेच.

समारोप

मऊ पिसाच्या माशीचा एक प्रसिद्ध कारागीर जेम्स लेझनरिंग हा अमेरिकेतील ॲलनटाउनचा. १९४१ साली त्याचे या कलेवरील पुस्तक निघाले. माशी खोल जाऊ द्यावी आणि माशाच्या समोर आली की दोरी हळूच वर उचलावी, म्हणजे पाण्यात उठणाऱ्या किड्यासारखी ती सजीव दिसते, ही त्याची रीत. त्याच्या गावाशेजारी बेथलेहेम नावाचे गाव आहे. मोरेवियन ख्रिस्ती लोकांनी १७४१ साली नाताळच्या पूर्वसंध्येस त्याला हे नाव दिले. पुढे ते आमच्या भिलाईसारखेच पोलादासाठी जगात गाजले, आणि १९९५ साली तेथील पोलादाचे उत्पादन थांबले. भट्ट्या विझतात, कारखाने बंद पडतात. बेथलेहेमात जन्मलेला तारणारा राहतो.

आणि त्यानेही वर उचलले जाण्याविषयी सांगितले आहे. योहानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू म्हणतो, की मला पृथ्वीपासून उंच केले जाईल तेव्हा मी सर्वांना माझ्याकडे ओढून घेईन. तेथे "ओढणे" यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच योहानाच्या एकविसाव्या अध्यायात एकशे त्रेपन्न माशांचे जाळे ओढण्यासाठी आला आहे. ख्रिस्त ओढतो, यात शंका नाही. पण कशाने? वधस्तंभावर त्याच्याजवळ द्यायला भाकर नव्हती, पैसा नव्हता, खुशामतीचा एक शब्दही नव्हता. अंगावरची वस्त्रेही शिपायांनी वाटून घेतली होती. होता फक्त टांगलेला, उघडा, दिलेला जीव. कोळी मासे मारून स्वतः जगतो. हा एकच असा, जो स्वतः मेला म्हणून आपण जगलो. माशांसाठी बनविलेल्या पोलादाने तेथे त्याचेच हात विंधले गेले, असे म्हटले तरी चालेल. कारण खिळा आणि गळ एकाच भट्टीतून निघतात.

म्हणून "गळाला काय लावता?" या प्रश्नाचे आपले उत्तर हे असू द्या : आम्ही काही लावीत नाही. ज्याने आम्हांसाठी जीव दिला त्याच्याविषयी आम्ही सांगतो, आणि तुम्हांला पटो वा न पटो, आमचा जीव तुमचाच आहे.

त्या सायंकाळी आमच्या बंधूंनी शेवटी तोंड उघडले. देवाने आपल्याला दारूच्या व्यसनातून कसे सोडविले, हे त्यांनी आपल्या सोबत्याला तीस वर्षांनी प्रथमच सांगितले. दहा मिनिटे, साध्या शब्दांत. उपासनेला या, असे ते म्हणाले नाहीत. काही मागितले नाही. त्या गृहस्थांनी लक्ष देऊन ऐकले, डोळे पुसले, चहा घेतला आणि घरी गेले. ते आमच्या मंडळीत आलेले नाहीत. पण रोज सायंकाळी ते येऊन बसतात, आणि आता त्या दोघांच्या बोलण्यातून प्रभूचे नाव वगळलेले नसते. फळ देणारा देव आहे.

प्रिय वाचकहो, आपल्या शेजारी, आपल्या कचेरीत, आपल्या पाळीत असा कोण आहे, ज्याला आपण सर्व काही दिले आणि तेवढे एक नाव दिले नाही? या आठवड्यात त्याच्याकडे जा. रिकाम्या हाताने जा, मऊ मनाने जा, आणि बोला.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू गालीलाच्या काठी कोळ्यांना बोलाविलेस आणि आम्हांलाही बोलाविलेस. आमच्या सेवेतील कपट आणि लोभ आम्हांस दाखव, आणि ते आमच्या हातून काढून घे. तुझ्या आत्म्याच्या प्रवाहात हलेल असे मऊ अंतःकरण आम्हांस दे. आम्हांस भित्र्या मौनापासून सोडीव. जे आमच्यावर संशय घेतात त्यांच्यावर प्रीती करण्यास शिकव, आणि आमच्या शेजाऱ्यांना आमच्या जीवनात तुझे मुख दिसू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.